आरशातले हिंदुराव

टाळ जरा थांबू द्या. पेटीवाले बुवा, सूर सोडू नका, पण हळू! मंडळी, ऐका. आधी माझा एक प्रश्न. तेच नाम, तीच माळ, तीच आरती, रोज! याला भक्ती म्हणायचं की सवय? बोला की! पहिल्या रांगेतले अण्णा म्हणतायत, भक्ती! अण्णा, मघाशी आरतीत तुम्ही चार वेळा घड्याळ बघितलंत. मी कशावरून सांगतो? मीही बघत होतो ना!

तर याचं उत्तर मला कुठल्या पोथीत सापडलं नाही. सापडलं ते आमच्या गल्लीतल्या एका पोरीकडं. कस्तुरी तिचं नाव. कस्तुरी हिंदुराव संकपाळ. हिंदुरावांचं नदीकाठी केशकर्तनालय. माणूस देवासारखा! दाढी करताना असा बोलायचा, की गिऱ्हाईक उठायचं नावच घेत नसे. तापाचं निमित्त झालं आणि हिंदुराव गेले. कस्तुरी तेव्हा आठ वर्षांची. पुढं दोन वर्षांनी नदीला पाणी आलं. घरात, दुकानात, पुरुषभर पाणी! फोटो गेले. लग्नातला गेला, दुकानातला गेला. राहिला फक्त दुकानाचा मोठा आरसा. तो भिंतीला स्क्रूनं आवळलेला होता म्हणून राहिला. तोच आता घरात आहे.

आणि तिची आई, आक्काताई! तिनं काय करावं? एक रिकामी चौकट आणून भिंतीला लावली. दरवर्षी हिंदुरावांच्या तिथीला त्या रिकाम्या चौकटीला हार आणि पुढं ताट. डोळ्यांसमोर आणा, मंडळी. काचेमागं नुसता पुठ्ठा आणि समोर वाफाळतं ताट! पोरगी ते बघत बघत मोठी झाली आणि हट्टानं चित्रकलेच्या कॉलेजात गेली. कशासाठी? ती चौकट भरायची होती तिला.

शेवटच्या वर्षी सरांनी काम दिलं. एकच चित्र निवडायचं आणि ते वर्षभर करत राहायचं. वेगवेगळ्या साधनांनी, लहान-मोठ्या आकारांत. कुणी आंबा घेतला, कुणी किटली घेतली. शहाणी माणसं! आंब्याची बायको येऊन म्हणत नाही, हा आमचा आंबा नव्हे! कस्तुरीनं घेतला बापाचा चेहरा.

पहिलं चित्र पेन्सिलीचं, वहीच्या पानाएवढं. आईपुढं धरलं.

"आये, बघ."

आक्काताईनं बघितलं. खूप वेळ बघितलं.

"चांगलं काढलंयस गं. पण हे ते न्हवंत."

"काय चुकलंय? नाक?"

"नाक त्यांचंच हाय."

"डोळे?"

"डोळं बी त्यांचंच. पण ते न्हवंत. मला सांगता येत न्हाई, बाई."

आता काय करायचं? तुम्ही-आम्ही काय केलं असतं? किटली घेतली असती! कस्तुरीनं दुसरा कागद घेतला. कोळशानं काढलं, दाराएवढं मोठं. न्हवंत! जलरंगात काढलं. न्हवंत! काडेपेटीएवढं काढलं, शाईनं, डोळे फुटेस्तोवर. न्हवंत! मातीत थापून काढलं, जुन्या चादरीवर काढलं. आई प्रत्येक वेळी हात पुसून यायची, नीट बघायची आणि मान हलवायची. खोटं हो म्हणाली असती तर पोरगी सुटली असती की नाही? पण नवऱ्याच्या बाबतीत ती बाई खोटं बोलायला तयार नव्हती.

चाळीस चित्रं झाली. सर म्हणाले, "कस्तुरी, विषय बदल. अजून वेळ आहे."

"नाही सर. आई हो म्हणेपर्यंत हेच."

पण पोरगीच ती, एकदा चिडली. आईला म्हणाली, "तुलाच आठवत नसतील ते! मी रोज शाळा सुटली की दुकानात बसायचे. मला पक्कं ठाऊक आहे!" आक्काताई उठली. चुलीपुढं जाऊन बसली. तिथी आठ दिवसांवर आली होती.

आता नीट ऐका हं. इथं खरी गंमत आहे. उरलं होतं एकच साधन, लिनोचं छापकाम. म्हणजे काय? रबरासारखा तुकडा असतो, त्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर दाबायचं. आपला ग्रामपंचायतीचा शिक्का असतो ना, तसंच. शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात, तेव्हा कागदावर सुलटी येतात. म्हणून चित्रही आधी उलटं करून घ्यायचं आणि मग कोरायचं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे माहीत असतं. पण चाळीस वेळा काढलेला चेहरा हाताला पाठ झालेला! तिनं थेट कोरला. छापला आणि कपाळावर हात मारला. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं!

सर म्हणाले, "फुकट गेलं. परत कोर."

तिनं तो कागद जेवणाच्या डब्याभोवती गुंडाळला आणि घरी आली. पिशवी ठेवली, पाय धुवायला गेली. आक्काताईनं डबा काढला. कागद सोडला.

मंडळी, त्या बाईनं आधी पदर डोक्यावर घेतला.

हिंदुराव गेल्यापासून घेतला नव्हता तसा घेतला! कस्तुरी दारात ओल्या पायानं उभी. आई त्या कागदाशी बोलत होती, "कवा आलासा?"

पोरगी पुढं आली. कागद बघते, आईला बघते, आणि मग तिची नजर गेली आरशाकडं! अहो, हिंदुराव गिऱ्हाइकाच्या मागं, आरशाकडं तोंड करून उभे. ही मागच्या बाकावर. बाप पहाटे जायचा, ही झोपल्यावर यायचा. तिनं बापाची पाठ बघितली होती आणि चेहरा बघितला होता तो आरशात! हसताना ओठाचा एक कोपरा आधी वर जायचा, एक डोळा थोडा बारीक व्हायचा. चाळीस वेळा तिनं ते आरशातल्यासारखं, दुसऱ्या बाजूला काढलं होतं. आणि आक्काताईनं त्या माणसाला समोर बसून जेवायला वाढलं होतं!

कस्तुरीनं सगळी चित्रं बाहेर काढली. एकेक आरशापुढं धरलं. कोळशातलं, शाईतलं, चादरीवरचं. "हे?" "तेच!" "आणि हे?" "अगं तेच की गं!" चाळीसच्या चाळीस हिंदुराव! एकही फुकट गेलेलं नव्हतं. आणि पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, म्हणाली, "आये, तुलाच आठवत होते गं."

तिथीला चौकट भरली. कशानं भरली? डब्याची घडी पडलेल्या त्याच कागदानं. त्यावर एका कोपऱ्यात लोणच्याच्या तेलाचा डाग आहे. मी स्वतः बघितलाय.

आता माझ्या प्रश्नाकडं या. सवय एक्केचाळीस वेळा तेच करते आणि काही विचारत नाही. भक्ती प्रत्येक वेळी विचारते, हे तेच का? आणि 'नाही' ऐकून पुन्हा बसते. एवढाच फरक, अण्णा!

आणि आणखी एक सांगतो. देवाचं राहू द्या. तुमच्या घरात जी माणसं आहेत, ती तुम्ही समोर बसून बघितलीत? की आपल्या बाकावरून, जाता-येता, काहीतरी करताना? तुमच्या घरधनिणीच्या ओठाचा कुठला कोपरा आधी वर जातो, सांगा बघू!  माझंच बघा. तीस वर्षं झाली लग्नाला आणि मला सांगता येत नाही. प्रसाद घ्या आणि सरळ घरी जा. मीही जातो. ती आहे तोवर समोर बसून बघून घेतो.