अट तीच राहील

हॅलो?… हो खाला, बोल… नाही गं, जेवणाची सुट्टी आहे. एक्स-रेच्या खोलीबाहेरच बसलेय… कोण म्हणालं? मुलाची आई?… निकाहनंतर मी नोकरी सोडायची? अगं, उलट अट मी घातलीये! नोकरी चालू राहील, हे काझीसाहेबांसमोर ठरेल, मगच मी ‘कबूल’ म्हणेन…

हो, हो… ऐकतेय… घर नवऱ्यानं चालवायचं असतं, माहितीये. चालवू दे की! मी कुठे त्याची जबाबदारी हिसकावून घेतेय?… आणि बाईची कमाई बाईची, हे मी घरी बसून शोधलेलं नाही, कुराणात आहे… हजरत खदीजांचा तर व्यापार होता. पैगंबर साहेबांनी त्यांचा माल परमुलखात नेला होता, निकाहच्या आधी… हसतेस काय?

मुलगा? तो म्हणतो, ‘अम्मीला विचारून सांगतो.’ मी म्हटलं, विचार बाबा… फुगलाय थोडा. उतरेल.

पडदा? खाला, मी इथं आहे म्हणून तर बायकांचा पडदा राहतो! छातीची तपासणी असली की दारातच विचारतात, आत पुरुष आहे का? मी रजेवर असले की कितीतरी जणी तशाच परत जातात…

हॅलो?… काय? कुणाला गाठ?… मुलाच्या आईलाच? कधीपासून?… रमजानच्या आधीपासून! आणि दाखवली नाही कुणाला?… पुरुष असेल म्हणून… अगं, पण मी काय काम करते ते तू सांगितलं होतंस ना त्यांना?… ‘मशीनवर असते’? एवढंच?… छातीचे फोटो म्हणायची तुला लाज वाटली! धन्य आहे तुझी!

बरं, ऐक. उद्या सकाळीच घेऊन ये त्यांना… नाही, निदान डॉक्टर करतील, मी फोटो काढते… घाबरवू नकोस. बऱ्याच गाठी साध्या असतात. पण बघायलाच हवं…

काय म्हणालीस? ‘मग त्या आपोआप मानतील’?… नाही खाला. इथं अटीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, तूसुद्धा. गाऊन घालून थरथरत उभ्या असलेल्या बाईशी मी सौदा करत नाही… मोडलं तर मोडलं! तपासणी तरीही मीच करेन… हो, अट निकाहच्या बैठकीत. तीच, शब्द न बदलता…

आणि त्यांना सांग, पावडर-अत्तर काही लावून येऊ नका, फोटोत डाग दिसतात… हो, मीच असेन आत. चल, ठेवते. दारात एक बाई आलीये, विचारतेय आत कोण आहे.