दोघांचे मिळून

ओटिस : अरे, पुढे बोल की. शेवटचा शॉट, तीन सेकंद उरलेत, इथवर आलास आणि बसलास गप्प. कोणाच्या हातात होता बॉल?

वेंडेल : आपल्या.

ओटिस : आपल्या म्हणजे कोणाच्या? मला दिसतं का काय?

वेंडेल : त्या नव्या उंच पोराच्या. लांबून मारला. तीन पॉइंटांचा. गेला बास्केटमध्ये.

ओटिस : भोंग्याच्या आधी सुटला होता ना हातातून?

वेंडेल : हो.

ओटिस : म्हणजे बरोबरी. म्हणजे जादा पाच मिनिटं. आणि हे तू असं सांगतोयस, जणू कोणी गेलंय. ते शेजारचे नोवोत्नी बघ, भिंत पाडतील आता. अख्खं क्लीव्हलँड ओरडतंय आणि टीव्हीसमोर बसलेला माझा जावई मुका.

वेंडेल : दमलोय, कोच.

ओटिस : रविवारी दुपारी? सोफ्यावर बसून?

(कॉरिन हात पुसत स्वयंपाकघरातून येते.)

कॉरिन : कशावर पैसे लावलेस, वेंडेल?

वेंडेल : कसले पैसे?

कॉरिन : आपल्या पोरानं बरोबरी केली आणि तू डोकं धरलंस. मी दारातच होते.

ओटिस : मला वाटलंच होतं. मघाशी हाफटाइमला याला स्कोअर विचारला, तर म्हणे एकशे दोन. म्हटलं, कोणाचे? तर म्हणे दोघांचे मिळून. प्लेऑफ सुरू झाल्यापासून हा मला बेरजाच सांगतोय.

कॉरिन : मग बोलला का नाहीत, डॅडी?

ओटिस : म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. डोळे गेले की माणूस आधी स्वतःलाच दोष देतो.

कॉरिन : वेंडेल.

वेंडेल : दोनशे अकराच्या आत राहतील, यावर लावलेत. दोन्ही टीमचे मिळून.

कॉरिन : आता किती झाले?

वेंडेल : एकशे चार, एकशे चार. दोनशे आठ. तो शॉट चुकला असता तर दोनशे पाचवर संपत होती मॅच.

ओटिस : आणि जादा वेळातले धरतात?

वेंडेल : धरतात.

ओटिस : मग गेलेच तुझे. पाच मिनिटांत तीन पॉइंट तर माझी शाळेतली पोरंसुद्धा करायची. म्हणजे कोण जिंकतं याच्याशी तुला काही देणंघेणं नाही. कोणीच बॉल आत टाकू नये, एवढंच बघत बसायचं.

वेंडेल : हो.

ओटिस : आणि मी इथे बसून तुझ्या तोंडून ऐकतोय.

वेंडेल : कॉरिन, किती लावले ते तरी विचार. फार नाहीत.

कॉरिन : नाही विचारत.

वेंडेल : चिडलीस तरी चालेल.

कॉरिन : राग येत नाहीये. जानेवारीत आला होता, तेव्हा घर डोक्यावर घेतलं मी. तेव्हाच सांगितलं होतं, परत लावलास तर डॅडींना घेऊन टोलेडोला बहिणीकडे, लोरेटाकडे जाईन. आता नुसतं आठवतंय की असं म्हणाले होते. बॅग कुठे आहे तेही आठवतंय. बाकी काही नाही.

वेंडेल : मलाही तसंच होतं गं. तो बॉल आत गेला ना, मला काहीच वाटलं नाही. लहानपणापासून याच टीमसाठी जीव टाकतोय मी. आणि आज मनात आलं फक्त, दोनशे आठ.

कॉरिन : बरं.

वेंडेल : बरं काय?

कॉरिन : मॅच संपली की निघू, डॅडी. अंधाराच्या आत पोचू.

ओटिस : मॅच संपेपर्यंत मात्र मी हलणार नाही.

वेंडेल : सुरू झाली बघा, कोच. बॉल त्यांच्याकडे गेलाय, आता तो डावीकडून...

ओटिस : तू नको. कॉरिन सांगेल.

कॉरिन : मला तुमच्यासारखं नाही जमत हे.

ओटिस : जमेल तसं सांग. आपले वेगळे सांग, त्यांचे वेगळे सांग. झालं.

कॉरिन : आपल्यांनी टाकला. आपले एकशे सहा. त्यांचे एकशे चारच आहेत... आता त्यांनी टाकला. तीनचा. त्यांचे एकशे सात.

वेंडेल : गेले.

ओटिस : कोण गेले? एकाच पॉइंटानं मागे आहोत आपण. पुढे सांग, पोरी.

कॉरिन : तो उंच पोरगा परत बॉल घेऊन येतोय. अंगावर दोघं आलेत त्याच्या. दिला त्यानं दुसऱ्याला... आत. आपले एकशे आठ.

ओटिस : असं. दोघं अंगावर आले की बॉल सोडायचा. हे शिकवायला माझं एकेक वर्ष जायचं.

वेंडेल : कॉरिन, मी उद्या फोनवरनं ते सट्ट्याचं ॲप काढून टाकतो. तुझ्यासमोर काढतो. आत्ता काढू?

कॉरिन : मॅच सांगतेय मी. त्यांचा चुकला, डॅडी. बॉल आपल्याकडे. त्यांनी मुद्दाम धक्का दिलाय, घड्याळ थांबवायला. आपल्याला दोन फुकट शॉट मिळाले. पहिला आत. दुसरा आत. एकशे दहा. आणि त्यांचा शेवटचा... बाहेर. संपली.

ओटिस : ऐकू आलं, नोवोत्नींकडून. चला. माझा कोट?

वेंडेल : आणला, कोच. उजवा हात आधी. हां. आता डावा.

ओटिस : कॉरिन, तळघरात माझा जुना रेडिओ आहे, तो पिशवीत टाक.

वेंडेल : तो कशाला? रेडिओवाल्याची बडबड तुम्हाला आवडत नाही. गेली सहा वर्षं मीच सांगतोय की तुम्हाला.

ओटिस : हो रे. छान सांगायचास. बटण लाव ते वरचं.