फळ्यावरचा अर्थ

"लोकांच्या नावांच्या खोलात शिरू नकोस गं," शब्दकोशातून वर्गमैत्रिणींच्या नावांचे अर्थ शोधणाऱ्या लेकीला आई बजावायची. कॉलेजातल्या त्या वयात लेकीने ते हसण्यावारी नेलं. आज ती बाळाला लस टोचायला दवाखान्यात बसली होती. पुढची पाठमोरी बाई नर्सशी बोलत होती.

"बाळाचं नाव?"

"अजून ठेवलं नाही."

"अहो, चार महिन्यांची झाली की पोरगी! बरं, आईचं?"

बाईने सांगितलं.

"अगं बाई! आमच्या लहानपणी गल्लीत तिघी होत्या या नावाच्या. आता औषधालाही सापडत नाही."

"बरंच झालं. जुना शब्द आहे. अर्थ, ‘मुली पुरे झाल्या’. मी पाचवी."

"आईने सांगितलं?"

"छे! घरी कुणी अवाक्षर काढलं नाही. कॉलेजात एकीने फळ्यावर लिहिलं, तेव्हा मलाही कळलं. सगळा वर्ग हसला, मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाही."

"कोण ती सटवी?"

"जाऊ दे हो. पण हिचं नाव ठेवायचं म्हटलं की धीरच होत नाही."

मागे बसलेलीने बाळाच्या टोपड्यात तोंड लपवलं. बाई निघून गेली तरी तिची मान वर झाली नाही.

पाच बहिणींतली अशी कुणी धाकटी तुमच्या शेजारी राहत असेल, तर एकदा जाऊन बघाल का? बाळाचं नाव ठेवलं का, एवढं तरी विचारा.