पहिल्या नंबरची होडी

नियम चांगलेच असतात म्हणता ना, मग आमच्या बंदरावरच्या साहेबांचं ऐका. तेव्हा मुंबईची आगबोट रत्नागिरीला बाहेर खोल पाण्यात थांबायची आणि उतारूंना होड्या मांडवीच्या धक्क्याला आणायच्या. होडीवाले गिऱ्हाइकं ओढतात म्हणून साहेबांनी हुकूम काढला, होड्या नंबरानेच लागतील, नंबर मोडील त्याला दंड.

पुढच्याच आठवड्यात मी मुंबईहून येत होतो. बोटीवर साहेबही होते. होड्या आल्या, पण चार हात लांब रांगेत उभ्या राहिल्या. शिडीला एकही लागेना.

"पहिला नंबर कुठाय?" साहेबांनी वरून विचारलं.

"लांज्याला, मेव्हण्याच्या लग्नाला," खालून म्हातारे रहमानचाचा म्हणाले. "माझा दुसरा. त्याच्या आधी कसा लागू?"

तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. आता पुढचं बंदर जैतापूर. म्हणजे बोट सुटली की आम्ही सगळे तिकडेच.

"अरे, कोणीही लागा रे," साहेब ओरडले.

तीन होड्या एकदम शिडीला भिडल्या. साहेब आणि मी चाचांच्या होडीत बसलो, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

वल्हं मारता मारता चाचांनी अदबीनं विचारलं, "साहेब, माझा दंड इथंच घेता, का धक्क्यावर?"

साहेब म्हणाले, "आधी उतरव."