दहा पावलं मागे

भिकू : ...आनि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेल्या त्या वकिलाला काय सांगितलंस?

सगुणा : काय सांगणार, भिकूमामा? माशांच्या पाट्या घेऊन अलिबागेला पायी जाणाऱ्या किहीमच्या बायांचे हाल बघवेनात, म्हणून होडी घातली.

भिकू : वा! भाषानच की. आठ वरसं तुज्या होडीचं सुकाणू धरलंय, मला न्हाय कधी असं बोललीस.

सगुणा : त्यांना तेवढंच हवं होतं. वर्तमानपत्रासाठी लिहून घेतलं नि गेले.

भिकू : उद्या नारळवाला शेट होडी इकत घ्यायला येनार, ते सांगितलंस?

सगुणा : नाही.

भिकू : बरं केलंस. वल्हं मारून माजे पन खांदे गेले आता.

सगुणा : मीही थकले, मामा. रोज पहाटे बायांच्या पाट्या होडीत लावा, कुणाची पुढे, कुणाची मागे, त्यावरून शिव्या खा. आवडाबाई तर माझ्या सात पिढ्या काढते.

भिकू : काडू दे. तिची जीभ तेवडी चालते, गुडगे न्हाय चालत. पन खरं सांग, हा खटाटोप मांडलास कशाला?

सगुणा : माझी शाळेची वाट आठवते? आय माशांची पाटी घेऊन अलिबागेला पायी निघायची. पाटीतलं पाणी तिच्या पाठीवर ओघळायचं. मी दहा पावलं मागून चालायचे. ही माझी आय, हे शाळेतल्या मुलींना कळू नये म्हणून.

भिकू : हं.

सगुणा : ती गेल्यावर तिच्या पाटल्या मोडून होडी घेतली. हाल कसले, मामा? लाज वाटली, म्हणून.

भिकू : तिला ठावं व्हतं.

सगुणा : काय?

भिकू : अगं, मुद्दाम झपाझप चालायची ती. मी इचारलं, पोरीला कशाला दमवतेस? तर म्हनली, "ऱ्हाऊ दे मागं. शाळेत जाते ती. माजा वास नको तिला."

(सगुणा होडीच्या फळीवरचा वाळलेला खवला नखाने खरवडत राहते.)

भिकू : म्हंजे आठ वरसं उगाच झुरलीस. आता सुटलीस. दे शेटला होडी.

सगुणा : आणि आवडाबाई?

भिकू : तिचं काय?

सगुणा : पहाटे पाटी घेऊन इथे येऊन बसेल. गुडघे धरून.

भिकू : बसंल. शिव्या देईल.

सगुणा : होडीच्या बुडाला लावायला डांबर उरलंय का थोडं?

भिकू : हाय. पन माजे खांदे...

सगुणा : वल्हं मी मारते. तू नुसतं सुकाणू धर.