अकरा वर्सांची प्रार्थना

— न्हाई न्हाई, चपला आत आणू नगंस, तिथंच पायरीला काढ — आन् उंबऱ्यावर तर बसूच नगंस गं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतीस. हिकडं सरक. हितं, सतरंजीच्या कडंला. अजून झाडूनबी झालं न्हाई माझं. आइतवारी आठाला दार उघडायचं, केर काढायचा, सतरंज्या हातरायच्या, म्हाताऱ्यांसाठनं दोन खुर्च्या मांडायच्या — समदं माझ्याकडंच. पास्टर दहाला येत्यात, विट्यावरनं, फटफटीवर. तवर चिटपाखरू फिरकत न्हाई. आन् तू नेमकी तवाच आलीस — कुणी बघू नये म्हणून, व्हय का न्हाई? कळतंय मला. कृष्णाताची सून तू, स्वप्नाली. दोन वर्सं झाली लगीन होऊन, ह्या भितीच्या पल्याड ऱ्हातीस, माझा खोकला तुला ऐकू येतोय आन् तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मला — पर तोंडातनं 'काकी' आज पयल्यांदा निघालं. निघू दे, निघू दे. अडला हरी, गाढवाचं पाय धरी. रडू नगंस. गाढव म्या, तू कशाला रडतीस?

काय म्हणलीस — सासऱ्यासाठी प्रार्थना करा. करू की! आमचं कामच हाय ते. कुणी आजारी पडलं की वहीत नाव ल्ह्यायचं, आन् शुक्कारी समद्या मंडळीनं उपास धरायचा. दुखणं एकाचं, उपास तेरांचा — अशी रीत हाय आमची. फकस्त वही कुणाकडं असती, म्हाईत हाय? माझ्याकडं. तितं बघ, पेटीवर. त्यात नाव कुणाचं जायचं आन् कुणाचं न्हाई, हे आज तुज्या चुलत सासूच्या हातात हाय — म्हणून जरा ऐकून घे आदी. तुला घरात कुणी सांगितलं नसंल. कोण सांगंल? सांगाय तोंड पायजे.

हा गोठा हुता. माझ्या मालकानं, आकारामनं — नाव घेती आता, लाजायचं दीस गेलं — त्यांनी फौजेतनं आल्यावर म्हशी इकल्या आन् हितं प्रार्थना सुरू केली. फौजेत एक मिझो, किरिस्ताव जोडीदार हुता त्यांचा, बर्फात दोघं एका बंकरात, त्याच्याकडनं ते घिऊन आलं. लोक फौजेतनं ट्रंक आणत्यात, घोंगड्या आणत्यात, रमच्या बाटल्या आणत्यात — आमच्या माणसानं देव आणला. गाव हसलं. म्याबी हसली हुती, खोटं कशाला बोलू. पयल्या आइतवारी चार माणसं — ते, म्या, पास्टर आन् कोंडीबा मेंढका, तेबी पाऊस लागला म्हणून आत आला हुता. त्याला झाली अकरा वर्सं. चाराचं तेरा झालं. हसू नगंस, अठरा महिन्यात ऊस तुटून कारखान्याला जातोय, आन् आमी अकरा वर्सांत नऊ माणसं वाढलो.

तर प्रार्थना सुरू झाली आन् दुसऱ्याच महिन्यात ते गेलं. सकाळी पाणी पाजून आलं, छातीत कळ आली, कडेगावच्या दवाखान्यात न्हेस्तवर खेळ खलास. मयत दारात आणलं — ह्याच अंगणात, तुज्या घराच्या भितीला लागून — आन् तुजा सासरा, त्यांचा सख्खा थोरला भाऊ, एका आईचं दूध पिलेला, गल्लीच्या तोंडाला जाऊन हुबा ऱ्हायला. भावकीला म्हणला, त्यानं धरम सोडला, त्याला आपला खांदा न्हाई. जो जाईल त्यो माझ्या दारात यायचा न्हाई. गेलं का कुणी? न्हाई गेलं. बांधावर पुरतो म्हटलं, तर सातबारा सामाईक — त्याची सही नगं व्हय? मग टेंपो केला. मिरजंला न्हेलं, तिथल्या कबरस्तानात. टेंपोत पास्टर, कोंडीबा, म्या आन् मागं बर्फाची लादी. ज्यानं ह्या गावासाठनं बंदूक उचलली, त्याला गावानं उचललं न्हाई. आन् ते सुदीक म्या गिळलं असतं, पोरी. गिळलं असतं. पर तुला म्हाईत हाय न्हवं आपल्यात — भावकीत मयत पडलं की चूल पेटत न्हाई. शत्रू असला तरी पेटत न्हाई. मयत गल्लीतनं बाहीर पडल्याबिगर लेकराला दूध सुदीक ऊन करत न्हाईत. त्या दिवशी ते दारात हुतं, म्या त्यांचं पाय चेपत बसली हुती — थंड पाय चेपत, येड्यावानी — आन् भितीतनं आवाज आला. थाप. थाप. थाप. तुजी सासू भाकऱ्या थापत हुती. त्यानं सांगून चूल पेटवली हुती, गावाला दाखवाय — की आमचं कुणी गेलंच न्हाई. मग लसणाची फोडणी. आज अकरा वर्सं झाली, म्या लसूण घरात आणत न्हाई.

व्हय, तुजी नणंद — तिची सोयरीक मोडली हुती, म्हाईत हाय मला. चुलता बाटला म्हणून साताऱ्याच्या पाव्हण्यांनी नारळ परत धाडला. असंल. पोरीचा बाप म्हणून त्याचं काळीज जळलं असंल. जळू दे की! म्हणून भाकऱ्या भाजायच्या?

मंग म्या ठरवलं. लोकांना वाटलं, मालक गेला, आता ही गप पदर घिऊन भावकीत परत यील. म्या एकबी आइतवार चुकवला न्हाई. ताप असो, महापूर असो, ऊसतोड असो — दार उघडंच. पास्टर म्हणत्यात, मनुबाईसारखं विश्वासू माणूस आमच्या साऱ्या जिल्ह्यात न्हाई. मागल्या साली शाल घातली मला, समद्यांम्होरं. विश्वासू! आता तुला सांगती — ही ढोलकी बघ, कुठं ठेवती म्या? त्या भितीला टेकून, तोंड तुमच्याकडं. वाजवणाऱ्याला म्हणती, जोरात हाण, देवाला ऐकू गेलं पायजे. देवाला कशाला ढोलकी लागती? त्यो काय बहिरा हाय? म्या त्याला ऐकवायची — कृष्णाता, ऐक, आमी मेलो न्हाई.

आन् प्रार्थना... आमच्यात कशी करत्यात बघितलीस कवा? एकानं म्हणायची आन् बाकीच्यांनी ऐकायची, तसं न्हाई. समद्यांनी एकदम, मोठ्यानं, जेचं तेनं. कुणी पोरासाठी रडतंय, कुणी म्हशीसाठी, कुणी सासूसाठी — नुसता कालवा. कोण काय मागतंय, कुणाच्या कानाला पत्ता न्हाई. त्या कालव्यात म्या माझं मागायची. हे बापा, कृष्णाताला पाड. त्यानं माझ्या माणसाला खांदा दिला न्हाई, त्याचा खांदा काढून घे. दर आइतवारी. हात वर करून, डोळं मिटून, पाणी यायचं डोळ्यांतनं — पास्टरांना वाटायचं, आत्मा आलाय बाईच्या अंगात.

आन् पाडलं की! दोन महिन्याखाली, पाणंदीत, उभा माणूस आडवा — उजवी बाजू गेली, वाचा गेली. मला कळलं तवा म्या काय केलं सांगू? पेढं न्हाई वाटलं. साक्ष दिली. आमच्यात प्रार्थना फळली की मंडळीम्होरं उभं ऱ्हाऊन सांगायचं असतंय. म्या उभी ऱ्हायली आन् म्हटलं, भावांनो बहिणींनो, अकरा वर्सं म्या एक गोष्ट मागत हुती, देवानं ती ह्या बुधवारी मला दिली. हालेलुया म्हटलं समद्यांनी! टाळ्या! कोंडीबा तर रडला. कुठली गोष्ट — एकानं इचारलं न्हाई. एकानं. भोळी माणसं. पास्टरांनी त्याच्यावर अर्धा तास उपदेश केला, धीर धरणाऱ्याला कसं मिळतंय म्हणून.

आशी बघू नगंस माझ्याकडं. तुला वाटत असंल, म्हातारी फिरली. फिरली न्हाई, अजून ऐक — आता सुटलंच हाय तोंड तर ऐक. आमची मंडळी हळूहळू वाढती म्हणत्यात न्हवं? हळू का वाढती, ते मला म्हाईत हाय. खालच्या आळीची पूजा — पोटदुखीसाठनं यायची, तीन आइतवार आली, मन लावून बसायची. तिच्या सासऱ्यानं मयताच्या दिवशी आतनं कडी घातली हुती, म्या बघितली हुती. चौथ्या आइतवारी तिला ह्याच पायरीवर गाठलं. म्हटलं, बाई, बाप्तिस्म्याला मंगळसूत्र काढाय लावत्यात बरं का, भर नदीत, समद्या गावाम्होरं. न्हाई लावत गं, कुणी काढाय लावत न्हाई. पर ती परत आली न्हाई. मग शंभूराज — दारू सोडाय आला हुता, दीड महिना शिवला न्हाई बाटलीला. त्यो गल्लीच्या तोंडाला तुज्या सासऱ्याच्या बाजूला हुबा हुता. म्या काय न्हाई केलं — त्यो हितं येतोय, एवढंच तुज्या सासूच्या कानावर जाईल असं नळावर बोलली. दुसऱ्या दिवशी भावकीनं त्याला पार सोलला. आता पितोय परत. असं किती सांगू? पास्टर उपास धरत्यात, एका जेवणावर चाळीस-चाळीस दीस, का वाढत न्हाई म्हणून. हितं गुडघं टेकून म्हणत्यात, ह्या गावाचं मन लय कठीण हाय, मनुबाई. म्या च्या देती. म्हणती, व्हय पास्टर, लय कठीण हाय.

... हे म्या तुला का सांगाय लागली? हे कुणाला म्हाईत न्हाई. तू बोललीस तर म्या सरळ न्हाई म्हणीन. कोण इस्वास ठेवंल तुज्यावर? शाल माझ्या अंगावर हाय.

काय? मोठ्यानं बोल. पास्टरांकडनं नगं? मग कुणाकडनं? माझ्याकडनं! — कोण म्हणतंय असं? त्यो? त्याला बोलाय कुठं येतंय? अर्धं अर्धं. बरं. काय म्हणतो अर्धं अर्धं? सांग, माझं डोकं फिरवू नगंस... भितीला कान लावून? कवापास्नं? समदं? — ढोलकी थांबल्यावर बी? कालव्यात कसं ऐकू येईल... माझाच आवाज वळखायचा. अकरा वर्सं. आन् मग भित का न्हाई बांधून घेतली दुसरी, पैकं काय कमी हुतं त्याला? ऐकत बसायचा. दर आइतवारी, त्याचं नाव घिऊन म्या मागायची आन् त्यो पल्याड बसून ऐकायचा. आन् आता काय म्हणतो — तिनं पाडलं, तिलाच उठवू दे. ज्यानं बांधलं त्यानं सोडावं.

बघ की गं. तेरा माणसांत एकाचा नसंल माझ्या प्रार्थनेवर, एवढा त्याचा इस्वास हाय.

पाय सोड. सोड म्हणती न्हवं. बरं — थांब. करती. तुज्या समाधानासाठनं करती, मग जा. गप बस, हुंदकं देऊ नगंस, मला सुचत न्हाई. हे बापा. कृष्णात... हे बापा, तुज्या लेकरानं, कृष्णातानं... तू त्याची उजवी बाजू घेतलीस. तू... त्याची डावीबी घे.

ऐकलंस? म्या 'बरी कर' म्हणाय गेली हुती. देवाशप्पथ तसंच म्हणाय गेली हुती. मला दुसरी येतच न्हाई गं पोरी. अकरा वर्सं ही एकच पाठ केली, दुसरी शिकायचीच ऱ्हायली.

फटफटी. वाजली न्हवं, ओढ्याजवळ? आज लवकर आलं. ऊठ. चपला घे हातात, मागल्या दारानं जा, उसातनं. ऊठ की! पास्टरांनी तुला बघितलं तर काय इचारायचं न्हाईत ते — सरळ आत घेत्याल. आन् फुडल्या आइतवारी त्यालाबी खाटंसकट उचलून आणत्याल, हितं, ह्या सतरंजीवर निजवत्याल, आन् समदी त्याच्यासाठनं हात वर करत्याल. मग म्या कुठं बसू?

जा म्हणती न्हवं.