शरयूबाईंचा दुसरा पाइप

ऋचा : जीभ बाहेर काढ, आई.

शरयू : अगं, जेवताना? घास तरी गिळू दे.

ऋचा : घास कुठे खाऊन राहिली तू? दहीभात, तोही गार. मी एवढा ठेचा कुटला, त्याला बोटसुद्धा लावलं नाहीस. काढ जीभ. भोपाळला दिवसभर लोकांची तोंडं बघते, आपल्या आईचं नाही बघणार?

शरयू : पोरगी डेंटिस्ट असणं म्हणजे शिक्षाच आहे बाई. घे. आऽ.

ऋचा : अजून. उजेडाकडे वळ. हं. टोकाला भाजली आहे.

शरयू : चहानं.

ऋचा : चहानं इतकुशा जागी नाही भाजत. आणि हे एकदाचं नाही, बरं होत आलेलं पुन्हा भाजलंय. दुसरं, मघाशी गच्चीवरच्या खोलीत कपडे आणायला गेले, तर तिथे तंबाखूचा वास. गोडसर. पडद्यांनासुद्धा.

शरयू : अच्छा! दातांची डॉक्टर आहेस की पोलीस?

ऋचा : आई, एक विचारते. रागावणार नाही, शपथ. घरात कोणी येऊन राहिलं का?

शरयू : कोणी म्हणजे?

ऋचा : म्हणजे... कोणी गृहस्थ. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. तू एकटी असतेस. मी काही जुन्या वळणाची नाही. फक्त मला माहीत पाहिजे, बस.

शरयू : अगं बाई! थांब, ठसका लागला. पाणी दे. गृहस्थ! अगं, गृहस्थ कुठला आणतेस? तो वास माझाच आहे.

ऋचा : तुझा?

शरयू : पाइप ओढते मी. तंबाखूचा. काहून अशी बघून राहिली? थांब, दाखवते. हा बघ.

ऋचा : हा तर भुट्टा आहे.

शरयू : भुट्टाच आहे. दाणे काढलेला, चांगला वाळवलेला, आतून पोखरून नळी बसवलेली. बापूसाहेबांनी करून दिला. कांचघर मोहल्ल्यातले बापूसाहेब गं, जंगल खात्यात होते ते. मझौलीला शेत आहे त्यांचं. तिथला बळीराम कणसं वाळवून ठेवतो, हे घरी बसून कोरतात.

ऋचा : याच्या बुडाला भोक आहे.

शरयू : जळला तो. मागच्या महिन्यात. जोरानं ओढायची ना मी सुरुवातीला.

ऋचा : सुरुवातीला! म्हणजे किती दिवस चाललंय हे? आणि गच्चीवर? समोर गुप्ता आंटी राहते!

शरयू : तिनं पाहिलं ना. म्हणाली, ‘दीदी, इससे मच्छर भागते होंगे.’ मी म्हटलं, हाँ, बहुत.

ऋचा : हसू नको. मला हसू येऊन नाही राहिलं. आई, महिन्यातून एक तरी जबडा असा येतो माझ्याकडे, की मी काही न बोलता चिठ्ठी लिहिते आणि कॅन्सरच्या दवाखान्यात पाठवते. गेल्या वेळी एक बाई होती, तुझ्याच वयाची. गुडाखू घासायची, ती तंबाखू-गुळाची पेस्ट, दातांना. तिची मुलगी मला विचारत होती, ‘मॅडम, ठीक तो हो जाएगा ना?’ मी काय सांगू तिला?

शरयू : मला माहीत आहे गं.

ऋचा : माहीत असून?

शरयू : धूर आत घेत नाही मी.

ऋचा : तोंडाला त्यानं फरक पडत नाही. तुला कमी काय होतं? फोन मी रोज करते. टीव्ही आहे, मराठी मंडळ आहे, बिजली बोर्डातल्या मैत्रिणी आहेत.

शरयू : कमी काय होतं, ते सांगू? ऐकशील? मध्ये बोलू नको मग.

ऋचा : नाही बोलत.

शरयू : तुझ्या बाबांना झटका आला, तेव्हापासून दिवेलागण झाली की मी पेज करायची. मऊ शिजवायची, घोटायची, गाळायची. मग एकेक चमचा. एक चमचा उतरायला किती वेळ लागायचा ते तू पाहिलं आहेस. तोंड पुसायचं, मान धरायची, पुन्हा चमचा. वर्षानुवर्षं तेच. वैतागायची पण मी, खोटं कशाला बोलू. ते गेले. तेरावं झालं, तुम्ही लोक परत गेले. आणि एक दिवस संध्याकाळी मी पेज केली. घोटली, गाळली, वाटीत काढली, चमचा घेतला, आणि खोलीच्या दारापर्यंत गेली.

ऋचा : आई...

शरयू : पलंग तर तू तेव्हाच देऊन टाकला होता. खोली रिकामी.

ऋचा : मग?

शरयू : मग काय, मीच पिऊन टाकली. फेकणार कशी? पण हात ऐकायचे नाहीत. ती वेळ झाली की हातांना काही तरी पाहिजे असायचं. टीव्ही बघायला हात लागत नाहीत. मग गणपतीत मंडळात गेली, तिथे बापूसाहेब बाहेर झाडाखाली तो पाइप घेऊन होते. खरवडून राहिले, पुसून राहिले, तंबाखू मोकळी करून राहिले, भरून, दाबून, काडी लावून राहिले. विझला, पुन्हा लावला. मी म्हटलं, बापूसाहेब, हे तर लेकरू सांभाळल्यासारखं आहे. आणि मला इतका हेवा वाटला बघ.

ऋचा : हेवा? पाइपचा?

शरयू : त्यांच्या हातांचा. त्यांना म्हटलं, मला शिकवा. ते नाहीच म्हणाले. पुन्हा म्हटलं, तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला हा भुट्टा घेऊन आले.

ऋचा : मला काहून नाही सांगितलं?

शरयू : काय सांगणार होती? ‘बेटा, आज दोडक्याची भाजी केली आणि पाइप ओढला’?

ऋचा : चलो, ठीक. भुट्टा जळला ना? जाऊ दे. विषय संपला.

शरयू : नाही संपला. ते डबडं उघड. तिथे, देवाच्या कपाटाखाली.

ऋचा : हे काय? नवा पाइप? लाकडी?

शरयू : ब्रायर म्हणतात. कुठल्याशा झुडपाच्या मुळाची गाठ असते. बापूसाहेब म्हणाले, भुट्टे पोतंभर पडले आहेत, दुसरा देतो. मी म्हटलं, नको, आता खरा घेते. आणि घेतला. तीनदा लावला, तीनदा जीभ भाजली. हा भुट्ट्यासारखा नाही. तापतो, गुरगुरतो, कडू मारतो.

ऋचा : मग दुसरा भुट्टाच का नाही घेतला? स्वस्तही, सोपाही.

शरयू : सांगितलं तर तुला लागेल.

ऋचा : सांग.

शरयू : भुट्टा फेकता येतो. तू भोपाळला न्यायचं म्हणत होतीस, तेव्हापासून मनात असायचं, की ऋचा न्यायला आली की हा टाकून देऊ नाल्यात, कोणाला कळायचं पण नाही. मग भुट्टा जळाला, आणि मी विचार केला, आता काय? तर वाटलं, फेकायची वस्तू नको आता. राहणारी पाहिजे.

ऋचा : म्हणजे तू येत नाहीस.

शरयू : मी येते असं कधी म्हटलं होतं?

ऋचा : नाही असंही नव्हतं म्हटलं! तुझ्या जावयानं, स्वप्निलनं खोली रंगवून घेतली. तुझ्या गुडघ्यासाठी बाथरूममध्ये दांडे लावले. मी तुझं सामान बांधायला आले आहे, आई!

शरयू : माहीत आहे. म्हणून तर तीन दिवस झाले, घास उतरून नाही राहिला. जिभेचं निमित्त आहे. ...बेल वाजली. बापूसाहेब असतील, मी बोलावलं होतं. बघ, त्यांच्यावर आवाज चढवू नको.

ऋचा : या काका. तुमचीच वाट पाहून राहिले.

बापूसाहेब : अरे वा, डॉक्टरीणबाई! कब आईं? बापाचा, आनंदरावांचाच चेहरा आहे हो वहिनी, कपाळ तर हुबेहूब.

ऋचा : काका, माझ्या आईला तंबाखू तुम्ही शिकवली?

बापूसाहेब : हो. मीच.

ऋचा : इतकंच? काही सफाई नाही?

बापूसाहेब : सफाई काय देऊ, बेटा? धोका नाही असं म्हटलं तर तू मला दारातूनच परत पाठवशील, आणि बरोबरच करशील. त्यानंतर माझं स्वतःचं बंद झालं. बायपासनंतर डॉक्टरांनी हात जोडले. आता नुसता रिकामा धरतो तोंडात. मी वहिनींना दोनदा नाही म्हटलं होतं. मग त्यांनी मला त्या पेजेचं सांगितलं. माझी बायको गेली तेव्हा मी सहा महिने दोन कप चहा करत होतो. मग मला नाही म्हणता आलं नाही.

शरयू : बसा ना, बापूसाहेब. हे बघा, हा पुन्हा गुरगुरून राहिला.

बापूसाहेब : बघू. वहिनी, काठोकाठ भरला होता तुम्ही?

शरयू : भुट्ट्याचा भरायची तसाच.

बापूसाहेब : तिथेच चुकलं. भुट्टा ओल पिऊन घेतो, कसाही ओढा, तो सांभाळून घेतो. हे लाकूड कोरं आहे. आत काजळीचा पातळ थर धरेपर्यंत त्याला आच सोसत नाही. तळाशी चिमूटभर घालायची, बस. हळू. विझला तर विझला. आणि एकदा ओढला की दोन-तीन दिवस हात लावायचा नाही, आतून वाळू द्यायचा.

ऋचा : चिमूटभर? खरंच एवढीच?

बापूसाहेब : सुरुवातीचे कितीतरी दिवस एवढीच. घाई करणाऱ्याच्या हातात हा टिकत नाही, बेटा. तडकतो.

ऋचा : आणि भुट्टा?

शरयू : भुट्टा मी रोज भरायची. खरं सांगते. दोनदा पण, कधी कधी.

ऋचा : देवा! मग ऐका दोघंही. मला हे पटलेलं नाही, पटणार पण नाही. पण ओढणारच असशील तर आठवड्यातून एकदा. तेवढीच चिमूट. जीभ पूर्ण बरी होईपर्यंत एकदाही नाही. आणि महिन्यातून एकदा भोपाळला यायचं, माझ्या खुर्चीवर तोंड उघडून बसायचं. एक पांढरा डाग दिसला, तर हा लाकडाचा मी स्वतः जाळेन.

शरयू : दोनदा?

ऋचा : एकदा!

बापूसाहेब : वहिनी, एकदा घ्या. सौदा चांगला आहे.

शरयू : बरं, एकदा. बाकीचे दिवस नुसता पुसत बसेन. आणि महिन्यातून एकदा भोपाळ म्हणजे... जाऊन परत यायचं?

ऋचा : परतच यायचं. खोली रंगवली आहे, तर दोन दिवस राहशील. आई, मी तुला भोपाळचं विचारलंच नव्हतं, नाही? सरळ सांगितलं होतं.

शरयू : तू घाबरली होतीस. मी इकडे पडले-बिडले तर.

ऋचा : अजून पण घाबरते.

शरयू : घाबर ना. मी पण तुझ्यासाठी घाबरते, एवढ्या ट्रॅफिकमध्ये स्कूटर चालवतेस. चला, वर गच्चीवर जाऊ. आज ओढणार नाही, डॉक्टरांचा हुकूम. बापूसाहेब, नुसता भरायचा कसा ते दाखवा. ऋचा, तू पण चल. खुर्च्या तीन आहेत.

ऋचा : तुम्ही व्हा पुढे. मला फोन करायचा आहे.

(थोड्या वेळानं, गच्चीच्या जिन्यावर, फोन कानाला लावून.)

ऋचा : हॅलो, स्वप्निल. हो, बोलले. नाही, नाही येऊन राहिली. ...नाही रे, भांडण नाही झालं. झालं, पण थोडंसं. तू खोली तशीच राहू दे, महिन्यातून एकदा येईल. ...सामान? सामान नाही बांधत. मी दोन दिवस आणखी थांबते इथे. ...ते भेटल्यावर सांगते, फोनवर नाही सांगता येणार, तू हसशील. ...आत्ता? आत्ता आई काही नाही करून राहिली. गच्चीवर बसली आहे. ...हो, नुसती बसली आहे, हातांना काम आहे तेवढं. मी पण तेच बघून राहिले.